इथे बस थांबते

अण्णा गेल्याची बातमी इस्माईलभाईंनी दिली. दोघांची दुकाने सात रस्त्याजवळ शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. अण्णांचे चष्म्याचे, इस्माईलभाईंचे चपलांचे. गेली काही वर्षे दोघांत बोलणे नव्हते, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होते. त्यामुळे सकाळी फोनवर त्यांचे नाव दिसले तेव्हा दुसरेच काही काम असेल असे वाटले. "अण्णा गए," ते म्हणाले. मी विचारले, कोण अण्णा? "कौन क्या पूछते? अपने अण्णा. चष्मेवाले," ते चिडून म्हणाले. झोपेतच हृदय बंद पडले, एवढे त्यांच्याकडून कळले.

सिद्राम हे त्यांचे नाव. घरचे सोडले तर ते फारसे कुणी घेत नसे. वडील मंद्रूपचे शेतकरी. सोलापुरात शिकायला आलेला हा मुलगा एका जुन्या चष्मेवाल्याकडे भिंगे घासायला शिकला आणि पुढे त्याने स्वतःचे दुकान टाकले. घरात कन्नड, गल्ल्यावर मराठी, शेजाऱ्याशी दखनी, असा त्यांचा दिवस असे. गिऱ्हाईक त्यांना डॉक्टर म्हणे आणि ते प्रत्येकाला "डॉक्टर न्हाय, चष्मेवाला" असे सांगत. नंबर तपासताना "दिसतंय का?" असे ते कधी विचारत नसत. "दिसतंय का म्हटलं की माणूस व्हय म्हणतो. न्हाय म्हणायला लाजतो. म्हणून काय दिसतंय ते विचारायचं," हे त्यांनी माझा चष्मा करतानाच सांगितले होते. मी तेव्हा शहरातल्या एका दैनिकात रस्ते आणि वाहतुकीच्या बातम्या करीत असे. व्यापाऱ्यांची बाजू हवी असली की अण्णांकडे जायचे, ही तेव्हाची रीत. बोलणे मोजके, मुद्द्याचे, आणि छापून आले की त्यातली चूक सांगायला दुसऱ्या दिवशी फोन.

त्या रस्त्यावर दुकानांपुढे गाड्या लावायला बंदी करण्याचे ठरले तेव्हा विरोधाचे नेतृत्व व्यापाऱ्यांचे अध्यक्ष म्हणून अण्णांनीच केले. गाडी दारात लावता आली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात निघून जाते, आम्ही काय गाड्यांकडे बघत बसायचे, असा त्यांचा सवाल होता. तो बिनतोड वाटला. शिष्टमंडळे गेली, निवेदने झाली, रस्त्याच्या कडेला मारलेला बंदीचा पिवळा पट्टा चाकांखाली हळूहळू पुसला गेला आणि पुन्हा कुणी मारला नाही. त्यांच्या दुकानासमोरच शहर बसचा थांबा होता. पाटी होती, खांब होता. बस मात्र कडेला येऊ शकत नसे, कारण खांबाला टेकून दुचाक्यांची रांग असे. त्या रांगेत पहिली स्कूटर अण्णांची. बस रस्त्याच्या मधोमध उभी राही, माणसे तिथेच उतरत, तिथूनच चढत, आणि मागे हॉर्न वाजू लागत. यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. अण्णांनाही नाही.

गंगाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई मंद्रूपहून त्यांच्याकडे येत. अण्णांच्या वडिलांच्या ओळखीतल्या. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि नवा चष्मा घ्यायला त्या एसटीने शहरात आणि पुढे शहर बसने एकट्याच आल्या. बस नेहमीसारखी मधेच थांबली. उतरल्यावर एका बाजूने रिक्षा, दुसऱ्या बाजूने मोटारसायकल. त्या घाबरून कडेला सरकल्या आणि हाताला लागले ते धरले. ती अण्णांची स्कूटर होती. स्कूटर पडली, तिच्या धक्क्याने शेजारची पडली, आणि बघता बघता सगळी रांग आडवी झाली. सगळ्यांच्या खाली नाही, पण पहिल्या स्कूटरच्या हँडलखाली गंगाबाईंचा हात अडकला. मनगट सुजले. अण्णांनी त्यांना आत आणून बसवले, पाणी दिले. गंगाबाईंचा राग हाताच्या दुखण्यावर नव्हताच.

"तितं खांबावर काय लिवलंय रं सिद्रामा?" त्यांनी विचारले.

"बस थांबा," अण्णा म्हणाले.

"कुनाला म्हनतंय? गाडीला का मला?"

म्हातारी थांबणाऱ्यातली नव्हती. "एकदा बस म्हनतंय, एकदा थांबा म्हनतंय. एकदा अरं, एकदा अवं. बसायला जागा न्हाय, थांबावं तर गाडी अंगावर येती. आन् तू लोकास्नी बगायला शिकवतूस व्हय!" दुकानातली गिऱ्हाइके हसली, अण्णाही हसले. हा प्रसंग ते नंतर अनेकांना रंगवून सांगत, पण शेवटचे वाक्य गाळत. ते मला त्यांच्या पत्नीकडून, वहिनींकडून कळले.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा चालत दुकानात येऊ लागले. स्कूटर घरी राहिली. आणि डोक्यात ती पाटी बसली. ते म्हणत, आपल्या भाषेत हा शब्दच गडबडीचा आहे. थांबा म्हणजे जागा, आणि थांबा म्हणजे हुकूमही. पाटीखाली गाडी लावणाऱ्याला हटकले तर तो वर बोट दाखवून म्हणतो, लिहिलंय की थांबा, म्हणून थांबलो. हे त्यांना खरोखरच एकाने ऐकवले होते. कन्नडमध्ये ही अडचण नाही, असे त्यांचे म्हणणे. घरी बोलता बोलता त्यांनी ते वाक्य आधी कन्नडमध्येच केले होते: "इल्ली बस निंदरतद." म्हणजे, इथे बस थांबते. पाटीवर एवढेच लिहा. वाट बघणाऱ्याला हुकूम नको, बसने काय करायचे ते लिहा.

हे घेऊन ते संबंधित कार्यालयात गेले. मी बरोबर होतो. अधिकारी तरुण होते, ऐकून घेणारे होते. पाटीचा मजकूर ठरलेला असतो, तो एका दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलता येत नाही, असे त्यांनी आधी सांगितले. अण्णा उठेनात तेव्हा ते म्हणाले, "आणि खरं सांगू का? इथे बस थांबते असं मी लिहू कसं? ती कडेला थांबतच नाही. उद्या कुणी पाटीचा आणि मधे उभ्या बसचा एकत्र फोटो काढला तर उत्तर कोण देणार? बस थांबा लिहिलं की ते खोटं ठरत नाही." मला वाटले आता अण्णा भडकतील. ते उलट खूश झाले. "हे बरोबर बोललात साहेब," ते म्हणाले. "आधी थांबवतो. मग तर लिहाल की?" साहेब हसून हो म्हणाले. जिना उतरताना अण्णा त्या उत्तराची मला उजळणी करून दाखवत होते. खोटे लिहायला नाही म्हणणारा माणूस भेटला, याचाच त्यांना आनंद झाला होता.

पुढचे काम पाटीपेक्षा अवघड निघाले. दुकानापुढची जागा रिकामी ठेवायची म्हणजे रोज, प्रत्येकाला, नव्याने सांगायचे. "अण्णा, दोनच मिनिटं," हे उत्तर ठरलेले. "तुझी दोन, त्याची दोन. बस रस्त्यात उभी, मागं अख्खा सात रस्ता उभा," असे म्हणत अण्णा गिऱ्हाइकाला मागच्या मोकळ्या पटांगणात गाडी लावायला पाठवत. काही जात, काही चष्मा न करताच निघून जात. जागा रिकामी झाली तरी बस कडेला येईना, तेव्हा त्यांनी चालकांना गाठले. चालकांचे म्हणणे वेगळेच होते. कडेला घेतली तर पुढे रिक्षा उभ्या असतात, मग बाहेर काढायची कशी? यायला जागा लागते तेवढीच निघायलाही लागते. हे आपल्याला सुचले नव्हते, असे अण्णांनी प्रामाणिकपणे सांगितले. मग रिक्षावाल्यांच्या मिनतवाऱ्या. त्यांना थोडे पुढे वळणाजवळ उभे राहायला राजी करण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. एक चालक आधी तयार झाला, मग दुसरा; काही शेवटपर्यंत झाले नाहीत. शहरात बसगाड्या तरी किती उरल्यात, त्यांच्यासाठी एवढा आटापिटा कशाला, असे लोक विचारत. मीही विचारले होते. "जी येते तिच्यातून माणसंच उतरतात की," एवढेच ते म्हणाले.

याची किंमत शेजाऱ्याच्या मैत्रीने मोजावी लागली. बसची लांबी अण्णांच्या दुकानापुरती नव्हती. ती इस्माईलभाईंच्या दारापर्यंत पोचत होती. चपला घ्यायला येणारे कुटुंब मोटारसायकलवर तिघे-चौघे बसून येई आणि दारातच उतरे. "तुमारे गिराइक बस से आते अण्णा, मेरे गाडी से आते. मेरे कू कायकू सजा देते?" इस्माईलभाईंनी भर रस्त्यात विचारले. "तुझं नुकसान होतंय. माझंही होतंय. मला दुसरं काही दिसंना," अण्णा म्हणाले. इस्माईलभाई म्हणाले, "चष्मा बदलो." त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजूंना चहा वेगवेगळा येऊ लागला. व्यापाऱ्यांच्या बैठकीत अण्णांच्या जागी दुसरा अध्यक्ष आला. ज्यांच्यासाठी ते एकेकाळी भांडले होते, त्यांना ते फितूर वाटले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. इस्माईलभाईंचा धंदा खरोखरच बसला होता, हे अण्णा स्वतः सांगत.

दरम्यान त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. काही महिन्यांनी नवे खांब आले, चकचकीत पाट्या आल्या. अण्णांच्या दुकानासमोरच्या पाटीवरही मोठ्या, सुबक अक्षरांत लिहिलेले होते: बस थांबा. आम्ही दोघे तिच्याखाली उभे होतो. मला वाटले, ते खचतील. ते वर बघून म्हणाले, "अक्षर छान काढलंय की." मी सुचवले, शटरवर स्वतःच रंगवून घ्या हवे ते. त्यांनी मान हलवली. "मी लिहिलं तर जाहिरात. त्यांनी लिहिलं तर वचन. तोवर आपण जागा सांभाळायची." ती त्यांनी सांभाळली. गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांचे लक्ष बाहेर असे आणि भिंग घासता घासता ते उठून जात. वहिनींना काळजी वेगळी होती. "ह्यांच्या माघारी कोण उठंल?" त्या एकदा मला म्हणाल्या. अण्णांनी ते ऐकले होते.

अण्णांच्या अंत्ययात्रेला माणसे लोटली. त्यांच्या समाजाच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवून न्यायचे होते, आणि घरून निघालेली मिरवणूक दुकानापुढे थांबणार होती. शेवटचे दर्शन तिथेच घ्यावे म्हणून लोक आधीच जमले. आले ते गाड्यांवरून. गर्दीत कुणाला भान नव्हते. बघता बघता ती सगळी जागा दुचाक्यांनी भरली, कुणाची तरी मोटारही आत शिरली. तेवढ्यात सात रस्त्याच्या बाजूने शहर बस आली. कडेला येता येईना म्हणून मधेच उभी राहिली. दारात काठी घेतलेला एक गृहस्थ उतरावे की नाही या विचारात खोळंबला. दुकानाच्या पायरीवर उभ्या वहिनींनी ते बघितले आणि तोंडाला पदर लावला. मयताच्या दारात गाड्या काढा म्हणून कोण कुणाला सांगणार?

इस्माईलभाई आपल्या दुकानातून बाहेर आले. दुकान त्यांनी त्या दिवशी बंदच ठेवले होते. "किसकी है ये? हटाओ!" ते ओरडले आणि उत्तराची वाट न बघता समोरची मोटारसायकल स्वतःच ओढू लागले. "रोने कू आए क्या पार्किंग करने कू आए?" मग चार हात पुढे आले. मोटारवाला किल्ली घेऊन धावला. पटांगणाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या मागे इस्माईलभाई बडबडत होते, "मर गया तो बी धंदा करने नै देता मेरे कू..." आणि रुमालाने डोळे पुसत होते. बस कडेला लागली. काठीवाले गृहस्थ फुटपाथवर उतरले, गर्दी बघून चपला काढून उभे राहिले. बस निघून गेल्यावर अण्णांची मिरवणूक आली.

आता दुकान त्यांची मुलगी बघते. परवा मी सोलापुरात मुद्दाम शहर बसने सात रस्त्याला गेलो. पाटी आहे तशीच आहे. बस कडेला लागली. माझ्या पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या, हातात पिशवी, मागे वळून कंडक्टरशी काहीतरी वाद घालत चाललेल्या. त्यांचे बोलणे संपले नव्हते. बोलता बोलताच त्यांनी, खाली न बघता, फुटपाथवर पाय टाकला.