काळ्या गाडीवरचा धूर

“उजेडाला फसवता येत नाही भावोजी, फार तर दोन आठवडे थोपवता येतं,” असं वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. धाकट्याला तेव्हा हसू आलं होतं. हातात पॉलिश-मशीनच्या धुतलेल्या पॅडांची बादली घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईने गॅरेजच्या मालकाला उजेडाबद्दल शिकवावं, हे त्याला जरा जास्तच वाटलं.

गॅरेज दोघा भावांचं. थोरल्याचा हात आणि धाकट्याची जीभ, एवढ्या भांडवलावर ते उभं राहिलं. पुढे ठोकाठोकी आणि रंगकाम, आणि सगळ्यात मागे, पत्र्याच्या दाराआड, चार ट्यूबलाइटचा पॉलिशचा कोपरा. त्या कोपऱ्यात थोरल्याने पंचवीस वर्षं मशीन फिरवलं. मग मशीनची थरथर त्याच्या बोटांत जाऊन बसली ती उठलीच नाही. बोटं पांढरी पडू लागली, चहाचा कप सुटू लागला. डॉक्टरांनी मशीन बंद करायला सांगितलं. ते कोपऱ्यातल्या एका स्टुलावर बसून त्याने पाळलं. रोज यायचा, मांडीवर हात ठेवून मशीनचा आवाज ऐकायचा आणि जायचा.

त्याच्या जागी पैलवान आला. तो कुस्ती कधी खेळला नव्हता, पण मशीन असा दाबून धरायचा की गाडी स्प्रिंगांवर खाली बसायची. “गाडी पॉलिश करतोस का तिची कणीक मळतोस?” असं पुढचे कारागीर विचारायचे. पैलवान म्हणायचा, “जोर लावल्याशिवाय चमक येते का कुठे?” आणि चमक यायची. ट्यूबलाइटखाली तर अशी यायची की गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं.

वहिनी थोरल्याची बायको. अकरा वर्षं त्या गॅरेजचे पॅड धूत होत्या. पॅड म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायची फोमची जाड चकती. पॉलिश हिच्यावर घ्यायचं आणि रंगावर फिरवायचं. संध्याकाळी मळलेल्या चकत्या पिशवीतून घरी जायच्या, सकाळी धुतलेल्या परत यायच्या. या कामाला कोणी काम म्हणत नसे. पण गावभर बोभाटा व्हायच्या आधी धोब्याला घरातलं सगळं कळतं म्हणतात, तसं वहिनींना कोपऱ्यातलं कळायचं. मधोमध फोम करपला असेल, तर मशीन दाबलं. कडेला पॉलिश वाळून खडखडीत झालं असेल, तर एकाच पॅडवर अख्खी गाडी उरकली. “पॅडला पोट असतं,” त्या थोरल्याला सांगायच्या. “ते भरलं की खाल्लेलं परत गाडीवरच ओकतं.”

धाकट्याच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंची काळी गाडी पॉलिश झाली तेव्हा तर वहिनींनी पॅड धुतलेल्या बादलीतल्या पाण्याचा नुसता वास घेतला. तेलकट पॉलिश. ते चरे काढत नाही, भरून ठेवतं. त्याच दिवशी त्या उजेडाबद्दलचं ते वाक्य बोलल्या.

बरोबर दोन आठवड्यांनी बाई परत आल्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी चालण्यात शाळेची घंटा होती. गाडी त्यांनी उन्हात उभी केली आणि धाकट्याला बोलावलं. काळ्या बॉनेटवर पांढुरकी झाक पसरली होती, थंड आरशावर कोणी उसासा टाकावा तशी. तिच्यात मशीनच्या फेऱ्यांची वेटोळी दिसत होती. गॅरेजात याला धूर म्हणत.

“हे काय आहे?”

“बाई, काळा रंग जरा नाजूक असतो.”

“भूमितीचा पेपर कोरा दिलास तेव्हा कागद नाजूक होता का रे?”

पैलवानाने पुन्हा पॉलिश केलं. दोन धुण्यांत धूर पुन्हा वर आला. तिसऱ्या वेळी बाईंनी नुसती गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. ती किल्ली धाकट्याला त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली. त्याने जाडी मोजायचं मीटर गाडीवर लावून पाहिलं. रंगावरचा पारदर्शक थर आता एकदाच मशीन सोसेल इतका उरला होता. त्यानंतर खालचा रंग उघडा पडणार.

पैलवानाने हात वर केले. “मी नाही शिवणार. खोट रंगातच आहे. उद्या सालपट निघालं तर नाव माझं.”

त्या संध्याकाळी धाकटा भावाच्या घरी गेला. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि मग एका दमात म्हणाला, “पॉलिशचा कोपरा बंद करतोय. शनिवारी एक जण मशीन न्यायला येणार आहे.”

थोरल्याने दोन्ही हातांनी कप खाली ठेवला. “बरं,” म्हणाला. पंचवीस वर्षांना एवढा एकच शब्द पुरावा, याचं धाकट्यालाही कसंसंच वाटलं.

“आज बुधवार,” आतून आवाज आला. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. “बाईंची गाडी मी करते.”

“वहिनी, हे भांडी घासण्याइतकं सोपं नाही.”

“मी घासलेल्या भांड्यांवर धूर राहत नाही, भावोजी.”

थोरला हसला. कितीतरी दिवसांनी हसला. मग वहिनींनी दिराला मागच्या दारी नेलं. भिंतीला टेकवून भंगारातलं एक काळं बॉनेट ठेवलेलं होतं. धाकट्याने वाकून पाहिलं आणि तो दचकला. दाढीचा राहिलेला खुंट, डाव्या भुवईतला पांढरा केस, डोळ्यांखालचा थकवा. घरच्या आरशाने आजवर त्याची जी भीड ठेवली होती, ती या पत्र्याने ठेवली नव्हती.

“शेजारीण येता-जाता यात भांग पाडते,” थोरला म्हणाला. “माझं जुनं मशीन. तीन वर्षं चाललंय हे.”

“तुझा हात असा झाल्यापासून?”

“माझा हात थांबला. मी इथे बसून तोंडाने सांगत होतो, ती करत होती. आता मला सांगायचंही काही राहिलं नाही.”

धाकट्याने बॉनेटवर बोट ओढलं. “आणि ती गाडी बिघडली तर?”

“कोपरा तर तुम्ही बंद करताच आहात,” वहिनी म्हणाल्या. “झाली तर मशीन विकायचं नाही. नाही झाली, तर शनिवारी मीच ते पुसून नेणाऱ्याच्या हातात देईन.”

गुरुवारी सकाळी कोपऱ्याच्या दाराशी ही गर्दी. पुढच्या कारागिरांना अचानक मागची पक्कड आणि मागचाच पाना लागू लागला होता. पैलवान हाताची घडी घालून भिंतीला टेकला. “होऊ दे, होऊ दे. आपणही बघू.”

वहिनींनी ट्यूबलाइट बंद करवले. गाडी कोपऱ्याच्या दाराबाहेरच सावलीत ढकलून घेतली, धुतली, कडांना चिकटपट्टी लावली. आधी करून बघायला गाडीच्या मागच्या दरवाजावर वीतभर जागा ठरवली. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घेतले आणि मशीन सुरू केलं. आवाज ऐकून धाकटा जवळ सरकला. इतका हळू? मशीन जणू झोपेत बोलत होतं. वहिनींचा हात त्यावर नुसता टेकलेला. त्या थांबल्या, पालथ्या हाताने पत्रा तापला का पाहिलं, जसा पोराचा ताप पाहतात. मग पॉलिशचं तेल उरू नये म्हणून जागा स्पिरिटने पुसली आणि टॉर्च मारली.

धूर होता. पुसट, पण होता.

“घ्या!” पैलवान भिंतीपासून सुटला. “सांगत होतो ना? खोट रंगात आहे.”

“जरासं दाबून बघा, वहिनी,” धाकटा कानाशी येऊन म्हणाला. कपाळाला घाम त्याच्या आला होता.

वहिनींनी मशीन दाबलं नाही. पॅड काढला. उलटसुलट केला, उजेडाला धरला. मग सगळ्यांसमोर डोळे मिटून त्यांनी तो खालच्या ओठावरून हलकेच ओढला. कारागिरांपैकी कोणीतरी फिसकन हसलं.

“रेती,” वहिनी म्हणाल्या.

पिशवीतला दुसरा पॅड काढला, ओठावरून ओढला. तिसरा. चौथा. चेहरा उतरत गेला. धाकट्याला वाटलं, आता वहिनी रडणार. त्या बोलल्या तेव्हा आवाज मात्र सरळ होता.

“घरच्या बॉनेटचा पॅड मी स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळवते. गॅरेजचे पॅड पुष्कळ, म्हणून गच्चीच्या सिमेंटच्या कठड्यावर पसरते. अकरा वर्षं. कठडा झडतोय. डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक रेती, पण काळ्या रंगाला दिसते.” त्या पैलवानाकडे वळल्या. “तू दाबतोस, एकच पॅड शेवटापर्यंत ओढतोस, ते तुझं. पण हे माझं. अकरा वर्षं तुमच्या चुका मी पॅडमध्ये वाचत होते. माझी मला वाचता आली नाही.”

पैलवानाने वाद घालायला तोंड उघडलं होतं, ते त्याला तसंच मिटावं लागलं. ज्याच्याशी भांडायचं तोच आपली अर्धी चूक उचलून घेतो, तेव्हा माणसाने हातांचं करायचं काय?

“म्हणजे आज पॅडच नाहीत,” धाकटा म्हणाला. त्याची नजर कचेरीच्या भिंतीकडे गेली. तिथे खिळ्याला कोपऱ्याची किल्ली टांगलेली होती, शनिवारसाठी.

स्टूल मागे सरकल्याचा आवाज झाला. थोरला उठला, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढू लागला. बोटांना झाकण उघडेना. पैलवान पुढे झाला तसा थोरला म्हणाला, “थांब. मी उघडतो.” सगळे थांबले. झाकण उघडलं. आत कागदात गुंडाळलेले तीन कोरे पॅड होते.

“हे कधीचे?” धाकट्याने विचारलं.

“हात बरा झाला की पहिल्या गाडीला वापरणार होतो.” थोरल्याने डबा बायकोच्या पुढे धरला. “घे. पहिली गाडी आली.”

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय काय होतं ते धाकट्याला नीट कळलं नाही. एवढंच कळलं की आपण मान खाली घालावी. त्याने घातली.

तीन पॅड आणि अख्खी गाडी. “प्रत्येक वीतभर जागेनंतर पॅड हवेने साफ करावा लागेल,” वहिनी म्हणाल्या. “मशीन सोडून मला जाता येणार नाही.” आणि पैलवानाकडे बघून, “येतोस?”

पैलवानाने एकदा पुढच्या कारागिरांकडे पाहिलं, एकदा आपल्या दंडांकडे. मग कॉम्प्रेसरची नळी उचलली. “द्या इकडे, वहिनी. फुंकर मारण्यात तरी जोर चालेल ना?”

“चालेल. तिथे हवा तेवढा लाव.”

हसण्याने कोपरा मोकळा झाला, आणि काम सुरू झालं. चार थेंब, आडव्या फेऱ्या, उभ्या फेऱ्या, शेवटची फेरी नुसत्या मशीनच्या वजनाची. पॅड पैलवानाकडे, हवेचा फवारा, पॅड परत. पालथा हात. स्पिरिट. टॉर्च. सावली सरकली तशी गाडी सरकवली. दुपारपर्यंत दोघांना बोलायची गरज उरली नव्हती. वहिनींनी हात पुढे केला की पॅड तिथे असायचा. थोरला स्टुलावर डोळे मिटून बसला होता. मशीनचा सूर जरा चढला की त्याची भुवई हलायची, आणि त्याच क्षणी सूर खाली यायचा. पंचवीस वर्षं जे हातात होतं ते आता त्याच्या कानात आणि तिच्या मनगटात होतं. मधे चार हातांचं अंतर, एवढंच.

चार वाजता बाई आल्या. पर्समधून त्यांनी टॉर्च आणि भिंग काढलं.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी स्वतःच स्पिरिटने बॉनेट पुसलं, वर साबणाच्या पाण्याची बादली ओतली, स्वच्छ पाण्याने धुतलं, टिपलं. ते सगळं पुन्हा एकदा केलं. “दोन धुणी झाली. आता घ्या उन्हात.”

गाडी उन्हात आली. बाई वाकल्या. बॉनेट, टप, चारही दरवाजे. टॉर्च तिरकी धरून, मग सरळ. भिंग पुढे, मागे. धाकट्याला दहावीचा निकाल आठवला. काळ्या रंगात सूर्य उतरला होता, एकच ठिपका, टोकदार. भोवती वेटोळं नाही, पिसारा नाही, दुधाचा थेंब नाही. ठिपक्याच्या पलीकडे ढगाचा एक तुकडा संथ चालला होता, आणि त्याची कडसुद्धा दिसत होती.

बाईंनी भिंग पर्समध्ये ठेवलं. पर्स बंद केल्याचा टक् आवाज सगळ्यांनी ऐकला.

“शंभरपैकी शंभर,” त्या म्हणाल्या. “अडतीस वर्षांत मी हे तीनदाच दिलेत. तुला नव्हे रे, तू काय बघतोस? यांना.”

पैलवानाने अशी शिट्टी मारली की पुढच्या रस्त्यावरचे लोक थांबले. कारागिरांनी पाने पत्र्यावर बडवले. थोरला उठून गाडीपाशी गेला, वाकला, आणि आपली पांढरी बोटं काळ्या रंगातल्या स्वतःच्या केसांवरून फिरवली. “भांग वाकडा आहे माझा,” तो म्हणाला आणि डोळे पुसू लागला.

धाकटा घसा खाकरून पुढे झाला. भाषण तयार होतं. जिभेवर चालणारा माणूस तो. “वहिनी, आजपासून हा कोपरा—” एवढं म्हणाला आणि जीभ अडली. आयुष्यात पहिल्यांदाच.

वहिनींनी ते पुरं व्हायची वाट पाहिली नाही. मशीनची वायर गुंडाळून जागेवर ठेवली. थोरल्याचे तीन पॅड, आता काळवंडलेले, पिशवीत घातले. मग त्या सरळ कचेरीत गेल्या, शनिवारसाठी खिळ्याला टांगलेली कोपऱ्याची किल्ली काढून कमरेला खोचली आणि धाकट्याच्या समोरून, बाईंच्या समोरून, उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बाजूने, तिच्यात आपली पूर्ण उंची दाखवत बाहेर पडल्या.