अ, क, ड, ब

मी भाईंदर पूर्वेला राहते आणि घरी बसून कोर्स बदलते. म्हणजे काय ते मला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. काही लोक आपलं शिकवण्याचं साहित्य सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. कुणीही घ्यावं, भाषांतर करावं, वापरावं. एका लहान संस्थेसाठी मी ते वर्डच्या फायलींमधून उचलते, एका सॉफ्टवेअरमधून काढते आणि ऑनलाइन शिकायच्या प्लॅटफॉर्मवर चढवते. त्याआधी वीस वर्षं गिरगावात डीटीपी केलं. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात आयुष्य गेल्यामुळे माझं नाक जरा वरच असतं. नवरा म्हणतो, हिच्या हातात लग्नपत्रिका दिली तर ही आधी शुद्धलेखन बघते, मग तारीख. खोटं नाही ते.

गेल्या वर्षी घरच्या घरी रुग्णाची काळजी कशी घ्यावी, असा कोर्स आला. शेवटी पंचवीस प्रश्नांची परीक्षा, तीन वेळा देता येणारी. एकेक प्रश्न हाताने भरायचा म्हणजे दोन दिवस गेले असते. सॉफ्टवेअरने पाच मिनिटांत भरले. मी पहिला प्रश्न सोडवून पाहिला, बरोबर आला, आणि चहा टाकायला उठले.

अडचण आली तर फोन करायला नंबर माझाच दिला होता. उत्तनजवळच्या तारोडी गावातल्या एका बाईंचा फोन आला. वय चाळिशीच्या पुढे. तिथल्याच डोंगरी गावाच्या बाजूला एका वृद्धाश्रमात कामाच्या दोन जागा होत्या, एक भरली होती. दुसरीसाठी महिनाअखेरपर्यंत सर्टिफिकेट दाखवायचं होतं.

"मॅडम, मी बरोबर हाय तेच दाबते. तो न्हाय बोलतो."

"धडा पुन्हा वाचा," मी म्हटलं. "बाकीचे सगळे पास झालेत."

आठवड्याने पुन्हा फोन, पुन्हा नापास. मी म्हटलं, घाईघाईत वाचत असाल. आवाजात तो सूर होता, जो मला दुसऱ्यांनी माझ्याशी लावलेला चालत नाही. तिसऱ्यांदाही त्या नापास झाल्या आणि परीक्षा बंद झाली. त्यांनी पत्ता मागितला. मला वैताग आला, पण दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्या दारात. उत्तनहून येणारी बस, मग स्टेशनावरून पूल ओलांडून चालत. पिशवीतून वही काढली. पंचवीसही प्रश्न उतरवून समोर आपलं उत्तर लिहिलं होतं. "काय चुकलं ते दाखवा," म्हणाल्या. "मी न्हाय शिकले जास्त. पण चार वर्षं सासऱ्यांचं सगळं केलंय."

मी मूळ फाइल उघडली, त्यांना दाखवून द्यायलाच. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. पाचव्या उत्तराला माझे कान तापले. पंचवीसच्या पंचवीस बरोबर होती.

मग प्लॅटफॉर्म उघडला आणि कपाळावर हात मारला. आपण पर्याय लिहितो अ, ब, क, ड. इंग्रजी ए, बी, सी, डीच्या मागून चाललेला क्रम. सॉफ्टवेअर बिचारं शाळेत शिकवलेल्या मुळाक्षरांवर चालणारं. त्याने पर्याय लावले अ, क, ड, ब, आणि मग अक्षरं पुसून नुसते गोल ठेवले. उत्तर मात्र जुन्याच नंबरावर. ब म्हणजे दुसरा, आणि दुसऱ्या जागेवर आता क. 'क्रमाने लावा' या चौकटीत बरोबरची खूण मीच केली होती. तपासलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अ होतं, ते जागचं हललंच नव्हतं.

"मग बाकीचे पास कसे झाले?" मी विचारलं.

त्यांनी मोबाइल पुढे केला. परीक्षा झाली की स्क्रीन बरोबर उत्तर हिरवं करून दाखवते. त्याचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरले होते. त्यांनाही आले होते. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवलं. गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला कसं भरवाल? हिरवं होतं ते, 'आडवं झोपवून'.

"हे कसं दाबू मी? ठसका लागून जीव जाईल माणसाचा."

मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मी त्यांची माफी मागितली. संस्थेत फोन करून चूक कबूल केली, चौकटीतली खूण काढून परीक्षा नव्याने चढवली आणि या वेळी पंचवीसही प्रश्न तपासले. महिना संपायला दोन दिवस होते. "या, माझ्या खुर्चीत बसा," मी म्हटलं. "आत्ता देऊन टाका, संध्याकाळपर्यंत सर्टिफिकेट निघेल."

त्या उठल्या नाहीत. "माझं ऱ्हाऊ द्या. पहिली जागा मिळाली ती पोरगी आपल्याच बॅचची हाय. सोमवारपासून कामावर जाते. तिला आधी फोन लावा. आता तिथं जेवायचीच वेळ."

नंबर त्यांनीच सांगितला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं आणि विचारलं, गिळायला त्रास होणारं कुणी आहे का तुमच्याकडे.

"हो मॅडम, एक आजोबा आहेत. त्यांनाच भरवायला घेतेय."

"कसं भरवता?"

"झोपवूनच," ती खुशीत म्हणाली. "तुमच्या टेस्टमध्ये होतं तसं."