मंडईतला राजपुत्र आणि मोठ्या मायची कट्यार

गोंदियाच्या टॉकीजमध्ये आम्ही चौघांनी एक तलवारबाजीचा सिनेमा पाहिला आणि आमच्या मंडईच्या नाटकाचं वाटोळं व्हायला तिथूनच सुरुवात झाली. मंडई म्हणजे आमच्याकडची गावजत्रा, ती दिवाळीनंतर भरायची. पेट्रोमॅक्स परवडत नसल्यानं आमचं नाटक उन्हं असतानाच व्हायचं. त्या वर्षी राजपुत्र मी होतो, आणि तो सिनेमातल्या हिरोसारखाच दिसला पाहिजे, हे खूळ माझंच. कोट जुन्या मांडवाच्या लाल कापडाचा झाला, मिशा कोळशाच्या झाल्या. अडलं ते हत्यारापाशी.

गोंदियात नाटकाचं सामान भाड्यानं देणारा एक शेठ होता. त्यानं तलवारीचं भाडं सांगताच मी ती गुपचूप खाली ठेवली. गावच्या सुतारानं सिवनीच्या हलक्या लाकडाची करून दिली, तर तालमीत पहिल्याच वाराला तिचे दोन तुकडे झाले. तेलाच्या डब्याच्या पत्र्याची हवेतच वाकायची. राग आला की मी आजही तो जेवणावर काढतो. तेव्हाही ताट सारून उठलो. मग आईनंच सुचवलं, मोठ्या मायकडे कट्यार आहे.

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. ती कट्यार तिच्या मुलाच्या लग्नासाठी घेतलेली. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती टोकाला लिंबू खोचलेली कट्यार देतात. हळद उतरेपर्यंत, म्हणजे लग्न लागून घरच्या बाईनं त्याला पाटावर बसवून ऊन पाण्यानं धुईपर्यंत, ती त्याच्या हातातून सुटत नाही, भुईला टेकत नाही. माझा हा भाऊ हळद लागायच्या चार दिवस आधी तापानं गेला. कट्यार फडक्यात बांधलेली तशीच राहिली. आई शहाणी बाई होती, तरी तिनं हे सुचवलं कसं ते कळत नाही. मी मागितली कशी, हे तर त्याहून कळत नाही.

मोठ्या मायनं फडकं सोडून कट्यार माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "खाली ठेवू नोको, बापू." मी हो म्हटलं. हत्यार मिळाल्याच्या आनंदात मी कशालाही हो म्हटलं असतं.

नाटकाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून अगदी पुढे बसली होती. मुलगा गेल्यापासून ती मंडईत आलेलीच नव्हती. माझ्या डोक्यात तरीही प्रकाश पडला नाही.

त्या सिनेमात शत्रूची तलवार निकामी होते, तेव्हा हिरो आपलीही फेकून देतो आणि नुसत्या हातांनी लढायला उभा राहतो. टॉकीजमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या त्या याच जागेवर. माझ्या शत्रूची पत्र्याची तलवार ठरल्याप्रमाणे वाकली आणि मी कट्यार भिरकावली. ती धुळीत जाऊन पडली. लोकांनी शिट्ट्या मारल्या, माझी छाती फुगली.

टाळ्या चालू असतानाच मोठी माय उठून आमच्या नाटकाच्या मातीच्या चौथऱ्यावर आली. तिनं कट्यार उचलली, पदरानं पुसली आणि माझी मूठ उघडून तीत ठेवली.

"धर," ती म्हणाली. "हरद उतरली नाही अजून."

लोकांना वाटलं, म्हातारी नाटकातलीच आहे. ते हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढची सगळी मारामारी मी एका हातानं केली आणि सपाटून मार खाल्ला. कायले हरून राहिला, असं शत्रू कानाशी विचारत होता. आमच्या मंडईत राजपुत्र हरला तो त्याच वर्षी.

नाटक उरकताच त्याच कोटात मी तिच्या घरी गेलो. अंगणात पाट मांडलेला होता, शेजारी घंगाळात ऊन पाणी होतं. मी पाटावर बसलो. तिनं माझं तोंड धुतलं, मान धुतली, मग पाय धुतले. सगळं नीट, घाई न करता. मग तिनं हात पुढे केला आणि मी कट्यार तिला दिली.