मोरपिसानं उठवलेलं प्रेत

एका रविवारी, चिक्कडपल्लीच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पोटभर बगारा खाना खाऊन मी मेलो.

मारलं आमच्या मुक्तानं. (मुलगी आहे, एकुलती एक.) तिला नाटकाच्या एम.ए.ला जायचं होतं. त्यासाठी परीक्षकांना मोबाइलवर थेट, मातृभाषेत एक प्रसंग करून दाखवायचा होता. जमला तर ॲडमिशन, नाहीतर पुढच्या वर्षी या! तिनं निवडली एक जुनी इंग्रजी शोकांतिका. म्हातारा राजा मेलेल्या पोरीला घेऊन येतो, दुःखानं वेडा होतो आणि श्वास आहे का बघायला तिच्या ओठांशी पीस धरतो. पोरीनं महिनाभर जीव तोडून अभ्यास केला. देवळाबाहेर बसणारे म्हातारे बघून यायची, आरशासमोर हसता हसता रडायची.

राजा ती. मग प्रेत कोण?

"मी नाही हां!" माझी बायको सुनंदा म्हणाली. "भरल्या घरात मेल्याचं सोंग! मी मोबाइल धरते. यांना घे. सोफ्यावर दिवसभर तेच तर करतात."

"पप्पा, फक्त पडायचं. हिलायचं नक्को!"

"अगं, एवढं कुणालाही जमेल!"

राजानं प्रेत उचलून आणायचं होतं. माझा घेर बघून राजानं ते चादरीवरून ओढत आणलं. वाटेत टीपॉयवर डोकं आपटलं, तरी मी हूं की चूं केलं नाही. (याचं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.)

आणि मग पोरगी रडली. काय रडली! आधी हसली, माझ्या शर्टाचं बटण लावत "गारठलीस गं" म्हणाली आणि असा हंबरडा फोडला की बस्स! शाळेत जाताना भोकाड पसरणारी आमची पोर ही? माझ्या मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"अहो, प्रेत रडतंय!" सुनंदा कुजबुजली.

मुक्तानं देवघरातलं मोरपीस माझ्या ओठांशी धरलं. ते गेलं नाकाशी. मी दात आवळले, श्वास कोंडला... आणि फाडकन शिंकलो!

संपलं! गेली ॲडमिशन! पण मुक्ता थरथरत म्हणाली, "हलली! बघा, श्वास आहे! जिवंत आहे माझी पोर!" त्या आवाजात असं वेड होतं की मी खरंच मेलोय याची माझीच खात्री पटली.

हंबरडा ऐकून शेजारच्या पद्मा आंटी धावत आल्या. "अय्यो! भाईसाब गुजर गए क्या?"

"आता आलात? सगळे खुनी तुम्ही!" राजा गरजला.

"मैं क्या करी अम्मा? मैं तो टिफिन बनारी थी!" आंटी रडायलाच लागल्या. मला राहवेना. डोळे न उघडता मी म्हणालो, "आंटी, जिंदा हूं मैं."

"ऐकलंत? बोलतेय ती!" मुक्ता आनंदानं ओरडली आणि माझ्या छातीवर कोसळून राजा मेला.

संध्याकाळी परीक्षकांचा फोन आला. मुक्ताची निवड झाली होती! "राजाचं वेड आणि दुःख, लाजवाब. शेजारीण फार सहज. प्रेताला मात्र अभिनयाची अजिबात जाण नाही."

आंटी तेव्हापासून बिल्डिंगमध्ये नटी म्हणून मिरवतात. आणि मी? आयुष्यात एकदाच काहीही न करण्याची भूमिका मिळाली होती, इतक्या वर्षांचा सोफ्यावरचा रियाज पाठीशी होता, तरी पडलो!