समोरच्या घरातला कंटेनर

आईला चिकुनगुनिया झाला तेव्हा ताप तीन-चार दिवसांत उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. आई लातुरात आशाताई आहे. घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासायचं काम तिचं, आणि डास चावला तिलाच. यावर गल्लीत बरंच हसून झालं. आईने ते कानाआड केलं. तिला काळजी वेगळीच होती. समोरच्या काकूंची सून तान्ह्या बाळाला घेऊन माहेरून आली होती.

"एवढ्याशा जिवाला हा ताप आला तर कधी कधी मेंदूपर्यंत जातो," आई म्हणाली. "मला उठवत नाही. तू त्यांचा हौद बघून ये."

मी दुकानातसुद्धा बोट दाखवून वस्तू मागते. तरी गेले.

काकू दारात भांडी घासत होत्या. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरतं. त्यामुळे आईच्या फॉर्मवर छापलेला शब्दच मी म्हटला. "काकू, तुमचे कंटेनर तपासायचेत."

"कंटेनर? आमच्याकडं कुठला आला ट्रक, पोरी? हितं सायकल लावायला जागा न्हाई!"

आतून सून खुदकन हसली. माझे कान तापले, पण परत फिरायचीही लाज वाटली, म्हणून मी सरळ आत गेले. हौदात बॅटरी मारली. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"पाणी सांडायचं न्हाई हां," काकू म्हणाल्या. "नळ आठ दिवसांनी येतो. आन् साफ तर हाय की."

"या डासांना साफच पाणी लागतं."

मग ओढणी काढून मी हौदाशेजारच्या रिकाम्या ड्रमच्या तोंडावर बांधली. काकूंनी एकदा पाळण्याकडे बघितलं आणि त्या बादल्या भरून ओढणीवर ओतू लागल्या. वर राहिलेल्या अळ्या त्यांनी उन्हात झटकल्या. हौद स्वतःच खसाखसा घासला. पाणी जवळजवळ सगळं वाचलं.

पुढच्या आठवड्यात सकाळी समोरून हाक आली, "ए कंटेनर! ये, बघून जा. आज एक बी न्हाई!"

आई दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पीत होती. ती इतकी हसली की चहा हिंदकळला.

मी जाऊन बघितलं. हौदाचा तळ स्वच्छ दिसत होता. पाळण्यावर भर दिवसा मच्छरदाणी लावलेली होती. हे डास दिवसा चावतात, ते मी सांगितलं नव्हतं.