योसेफाचं कीर्तन

ईस्टरच्या आधीच्या उपासांमध्ये चर्चच्या हॉलमध्ये एक सिनेमा दाखवला. येशूच्या शेवटच्या दिवसांवरचा, हिंदीत डब केलेला. परदेशात त्यावरून बराच वाद झाला होता, कारण त्यातले यहुदी झाडून सगळे दुष्ट होते आणि दिसायलाही दुष्टच होते. वाद सरावलीपर्यंत पोचला नाही. सिनेमा तेवढा पोचला.

सरावलीत यहुदी म्हणजे आई आणि मी. बाबा वीज केंद्रातल्या नोकरीसाठी अलिबागकडून इकडे आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो. शेजारची मावशी वसईकडची ख्रिस्ती. मी शाळेत होते तेव्हापासून तिची आणि आईची गट्टी. सातपाटीची कोळीण आली की दोघी एकत्रच मासे घ्यायच्या. खवल्यांचे आमचे आणि कोळंबी मावशीची, कारण बिनखवल्याचं आम्हाला चालत नाही. साफ करायला बसल्या की गप्पांना ऊत यायचा. बाबा गेल्यानंतर तर आईचा दिवस मावशीच्या जिवावरच सरायचा.

सिनेमा बघून आल्यापासून मावशी यायची थांबली. आई दुपारभर दाराकडे बघत बसायची. शेवटी मीच मावशीला फाटकात गाठलं.

"बाय, तुमी लोकांनी त्याचे लय हाल केले गं. माज्याच्यानं बघवलं नाय," ती म्हणाली.

"मावशी, आमची आई झुरळ मारतानासुद्धा डोळे मिटते!"

"तिचं नाय गं बोलत मी. तुमचे लोक."

तुमचे लोक! माझं डोकं फिरलं. जन्म गेला इथे, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या खटल्यात आरोपी आम्ही!

हे फादरांच्या कानावर गेलं. माणूस भला. त्यांनी लगेच 'संवाद आणि संगीत' असा कार्यक्रम ठरवला आणि आम्हाला बोलावलं. मी साफ नाही म्हणणार होते. पण आई म्हणाली, "मावशी येणार असेल तर मी गाईन." फादरांना हिब्रू गाणं हवं होतं. "हिब्रू मला प्रार्थनेपुरतं येतं. गाणार ते मराठीत," आईने सांगून टाकलं. शास्त्रातल्या कथांची मराठीतून कीर्तनं करायची आमच्यात जुनी रीत आहे.

आधी मी बोलले. येशू स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, शिष्य यहुदी, आणि क्रुसावर चढवलं ते रोमन सत्तेने, हे सगळं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. प्रश्न आला तो एकच: "मग तुम्ही इस्राएलला कधी जाणार?" पालथ्या घड्यावर पाणी.

मग आईने टाळ घेतले आणि योसेफाची कथा लावली. सख्ख्या भावांनी त्याला परदेशी व्यापाऱ्यांना विकलं. पुढे तो मोठा अधिकारी झाला, दुष्काळात तेच भाऊ धान्य मागत दारात आले, आणि त्याने त्यांना पोटाशी धरलं. "भावांनी विकला भाऊ, कोणाला मी दोष देऊ," हे आईने स्वतः जुळवलेलं पालुपद. अख्खा हॉल टाळ्यांचा ठेका धरून म्हणू लागला. माझ्या भाषणाला जे जमलं नाही ते आता होणार, असं मलाही वाटलं.

कीर्तन संपताच मावशी डोळे पुसत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"ताई, तुज्या योसेफानं भावांना माफ केलं ना? तसं आजपासून मीपण तुमाला माफ केलं!"

मी तोंड उघडणार तोच आईने माझं मनगट दाबलं. "बरं झालं बाई," म्हणत ती मावशीची पाठ थोपटत राहिली.

रिक्षात मी फुटले. "आपण केलं काय होतं, म्हणून तिने माफ करायचं? कोणी कोणाला माफ करायचं, हेसुद्धा तिला उलटंच कळलं! आणि तू गप्प बसलीस!"

"योसेफ मीच आहे गं," आई म्हणाली, "म्हणून तर गप्प बसले."

मावशी आता पुन्हा रोज येते. दोघी बाहेर हसत असतात आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असते.