नक्की न कळलेली गाठ

बसस्थानकावर तिला सगळे स्पीकरबाई म्हणत. चौकशीच्या खिडकीमागे, माइकसमोर तिची बावीस वर्षं गेली होती. ज्या गळ्यावर ही नोकरी चालली त्याच गळ्यात, डाव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ निघाली.

सुई घालून तपासलं. रिपोर्ट आला तो ना धड इकडचा, ना तिकडचा. पेशी साध्या म्हणवत नव्हत्या, कॅन्सरच्याही म्हणवत नव्हत्या. दुसऱ्यांदा सुई टोचली, पुन्हा तेच. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, अशा शंभर जणांत वीस-पंचवीसांना कॅन्सर निघतो. सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत थांबता येईल, नाहीतर थायरॉइडची डावी बाजू काढून ती पुरती तपासता येईल. मात्र आवाजाची नस तिथूनच जाते. बहुतेकांना काही होत नाही, काहींचा आवाज थोडे आठवडे बसतो, एखाद्याचा कायमचा.

त्या ‘एखाद्या’पाशी ती अडकली.

नवरा बसच्याच डेपोत मेकॅनिक. त्याचं म्हणणं, गाडी चालतेय तोवर बॉनेट उघडू नये. नणंद रोज फोनवर सांगे, वहिनी, काढून टाक एकदाची. जो शेवटचं बोलेल त्याचं हिला पटायचं.

एका सकाळी नऊची गाडी आलीच नाही. वाटेत बंद पडली की निघालीच नाही, काही कळेना. कंट्रोलर म्हणाले, कळल्याशिवाय बोलू नका. पण काही कळलेलं नाही हेही लोकांना सांगायचंच, ही तिची पहिल्यापासूनची रीत. तिने माइक सुरू केला, “नऊच्या गाडीबद्दल नक्की माहिती नाही. ज्यांना थांबणं जमेल त्यांनी थांबावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी चार नंबरच्या फलाटावरची गाडी धरावी.”

निम्मी बाकं रिकामी झाली, निम्मे लोक डबे उघडून निवांत बसले. ती बघत राहिली. दोघांचंही बरोबरच होतं. पण आपण त्या निवांत बसणाऱ्यांतल्या नव्हे. महिनाभर दर घोषणेआधी ती आवंढा गिळून गाठ चाचपत होती. सहा महिने हे करायचं, मग पुढचे सहा?

संध्याकाळी दवाखान्यात नवरा फोन आला म्हणून बाहेर थांबला, ती आत गेली. घाबरली की तिचा माइकवरचा आवाज लागायचा, तसा आताही लागला.

“डावी बाजू काढून टाका. आवाजाचं काय व्हायचं ते मी ऐकून घेतलंय. पण असं लोंबकळत राहणं मला जमणार नाही.”

बाहेरच्या अख्ख्या रांगेला ते ऐकू गेलं. दार ढकलून नवरा आत आला.

“मला आधी सांगायचंस ना गं.”

“तुम्ही अडवलं असतं.”

“अडवलं असतं,” त्याने कबूल केलं. मग खुर्ची ओढून बसला आणि डॉक्टरीणबाईंकडे कोरा कागद सरकवला. “ती नस कुठून कुठे जाते, तेवढं मला काढून दाखवा.”